सरावाचा पेशंट

गौराबाईंच्या आधी पेशंट म्हणून गुळाचा रवा होता.

म्हणजे तीस किलोची अख्खी ढेप, त्यांच्या यजमानांच्या, अण्णाप्पांच्या अडत दुकानातली. चादरीत गुंडाळून त्याला पलंगावर निजवला होता. सून वर्षाराणी त्याची कूस बदलायची, त्याला थर्मामीटर लावायची, त्याला धीर द्यायची. तिसऱ्या दिवशी पेशंटला मुंग्या लागल्या. नर्सिंगच्या पुस्तकात मुंग्यांवर प्रश्न नव्हता. तेव्हा नणंद सुष्मिता आईकडं बोट दाखवून म्हणाली, "वैनी, अव्वालाच निजवूया की. दोन रव्यांएवढी हाय, वर बोलतीया."

वर्षाराणी लग्नाआधी नर्सिंगचा कोर्स करून आली होती. लेखीत पास, प्रात्यक्षिकात नापास. परीक्षक बाईंनी विचारलं होतं, "पेशंटचं तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं जड झालं. आधी काय कराल?" वर्षाराणीनं सांगितलं, "गरम च्या देऊ." तिच्या माहेरी, हातकणंगल्यात, विंचू चावल्यापासून मयतापर्यंत सगळ्याला आधी चहाच देत. परीक्षक बाई पुण्याच्या होत्या.

आता सत्त्याण्णव साल चाललं होतं आणि ही शेवटची संधी होती. पास झाली तर नर्स म्हणून नोंदणी होणार, आणि पाठोपाठ गगनबावड्याकडच्या एखाद्या उपकेंद्रात सरकारी नोकरी. तिथं राहायला क्वार्टरही मिळतं, असं कळलं होतं.

गौराबाईंनी आधी हौसेनं अंग टाकलं. या घरात येऊन त्यांना अडतीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात "तुला कुठं दुखतंय?" असं त्यांना एकानंही विचारलं नव्हतं. आता दुकान बंद झालं, जेवणं उरकली की रोज दुपारी दीड ते तीन हा प्रश्न त्यांना रीतसर विचारला जात होता. त्या इरकल नेसून, कपाळाला विभूती लावून पलंगावर पडायच्या. सुष्मिता पुस्तक उघडून त्यांच्या कानात आजार सांगायची. त्या तो करून दाखवायच्या. वर्षाराणीनं तो ओळखायचा आणि काय करणार ते सांगायचं. अण्णाप्पा खुर्चीत बसून मार्क द्यायचे. गुळाची प्रत लावण्यात उभा जन्म गेल्यामुळं त्यांचा हात आखडताच होता.

गौराबाईंना अक्षर येत नव्हतं. पण कुणाच्या लग्नात कुणी कसला खण दिला आणि तो कितव्या धुण्याला विटला, हे त्यांना चाळीस वर्षांचं पाठ होतं. पंधरा दिवसांत पुस्तकातले एकशे दहा प्रश्न उत्तरांसकट त्यांच्या डोक्यात बसले. निम्म्या उत्तरांची सुरुवात 'रुग्णास धीर द्यावा' अशी होती. "एवढ्यासाठी पुस्तक कशाला लागतंय?" त्या म्हणायच्या. "आमी पदरचा देत आलोय."

सगळं बिनसलं ते मुलामुळं, शशिधरमुळं. भाकरी मोडता मोडता तो सहज बोलून गेला, "क्वार्टर मिळालं की मी बी तिकडंच जातो. एक दुकान टाकतो."

"आणि हितं?" गौराबाईंनी विचारलं.

"हितं तुमी हायसा की."

गौराबाईंनी हिशेब केला. सून गेली तर दिवसाच्या बावीस भाकऱ्या गेल्या. मुलगा गेला तर म्हातारपण गेलं. शिवाय शेजारची तानाबाई "एकुलता एक बायकोमागनं गेला म्हणं" हे गल्लीभर वाटत फिरणार, ते वेगळंच. दुसऱ्या दिवसापासून पेशंटनं असहकार सुरू केला.

सुष्मितानं कानात 'जुलाब' सांगितलं की गौराबाई छाती धरू लागल्या. 'दमा' सांगितला की गुडघा. वर्षाराणी छातीवरचे उपाय सांगायची, सुष्मिता "चूक!" म्हणायची आणि अण्णाप्पा शून्य द्यायचे.

"अव्वा, जुलाबात छाती कोण धरतंय?" वर्षाराणी कळवळायची.

"मला आले की मी धरतो," गौराबाई म्हणायच्या. "ज्याचं दुखणं त्याला ठावं. तुझ्या परीक्षेला पेशंट काय पुस्तक वाचून येणार हाईत व्हय?"

वर्षाराणी स्वयंपाकघरात जाऊन रडायची. त्या दिवसांतल्या भाकऱ्या जाड आणि कच्च्या व्हायच्या. गौराबाई एक जास्तीची मागून घ्यायच्या.

पण रडून झाल्यावर वर्षाराणी शिकली. तोंडाकडं, हाताकडं, कण्हण्याकडं बघायचंच नाही, असं तिनं ठरवलं. नाडी बघायची, डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, श्वास मोजायचा. कोर्सच्या बाईंना दीड वर्षात जे जमलं नव्हतं ते सासूच्या खोटेपणानं तीन आठवड्यांत करून दाखवलं. परीक्षेच्या आधल्या आठवड्यात तर वर्षाराणी सासूच्या मनगटाला बोट लावून म्हणू लागली, "सोंग हाय. फुडचा प्रश्न." अण्णाप्पा त्याचेही मार्क द्यायला लागले.

तो गुरुवार होता. पावणेदोन वाजले होते. सुष्मिता कानाशी येऊन म्हणाली, "ताप." आज कंबर धरायची, असं गौराबाईंनी सकाळीच ठरवून ठेवलं होतं.

हात उचललाच नाही.

उजवा हात पलंगावर होता, दिसत होता, पण दुसऱ्या कुणाचा असावा तसा पडून होता. गौराबाईंनी त्याला हाक मारायला तोंड उघडलं तर ओठ एकाच बाजूला गेला आणि घशातून घोगरा, ओला आवाज आला.

"आरं तिच्या!" अण्णाप्पा खुर्चीत पुढं सरले. "आज लईच भारी."

"अव्वा, मी ताप सांगितला," सुष्मिता हसायला लागली. "हा तर चौसष्टावा प्रश्न. आमच्या वैनीचा नापासाचा!"

चौसष्टावा. गौराबाईंना लख्ख आठवला. रुग्णास कुशीवर वळवावे. तोंडाने काहीही देऊ नये. वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवावे. सगळं उत्तर डोक्यात एका ओळीत उभं होतं, फक्त बाहेर पडायला वाट नव्हती.

वर्षाराणी पुढं आली. तिनं सासूचं मनगट धरलं. मग पापणी वर करून एका बाहुलीत बघितलं, मग दुसऱ्या. लुळा हात उचलून सोडून दिला. तो धप्पकन पडला. तिनं पुन्हा नाडीला बोट लावलं आणि या वेळी ते बराच वेळ काढलं नाही. मग तिनं सरळ गौराबाईंच्या डोळ्यांत पाहिलं. गौराबाईंनीही पाहिलं. सुनेला कळलं होतं, यात त्यांना तिळाएवढी शंका उरली नाही. मागच्या वर्षी कळलं नसतं. पण आता तिचा अभ्यास झाला होता.

"सांग की, सूनबाई," अण्णाप्पा म्हणाले.

वर्षाराणीनं हात सोडला, पदर सारखा केला आणि परीक्षकासमोर उभी राहावी तशी उभी राहिली. "रुग्णास कुशीवर वळवावे. तोंडाने काहीही देऊ नये. वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवावे."

"दहापैकी दहा!" अण्णाप्पांनी मांडीवर थाप मारली. जन्मात त्यांनी कशालाच दहा दिले नव्हते.

"फुडचा प्रश्न," वर्षाराणी म्हणाली.

पुढं एकोणीस प्रश्न झाले. पेशंट एकाच जागी, एकाच सोंगात पडून होता. "अव्वा रुसली," सुष्मिता म्हणाली. तीन वाजता वर्षाराणीनं नेहमीसारखा चहा आणला. कपबशी सुष्मिताच्या हातात दिली आणि स्वतः साखरेचा डबा आणायला म्हणून परत आत गेली. सुष्मितानं आईचं डोकं उचलून बशी ओठाला लावली. तोंडाने काहीही देऊ नये, गौराबाई आतल्या आत ओरडल्या. चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यात, गळ्यातून इरकलीवर उतरला. त्यांनी तो पुसला नाही.

तेव्हा सुष्मिताच्या हातातली बशी खाली पडली. आई आजाराचं सोंग करील, मरणाचंसुद्धा करील, पण इरकलीवर डाग पडू देणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"वैनी! अगं अव्वाला खरंच झालंय!"

"अगं बाई," वर्षाराणी आतून म्हणाली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "कधी झालं हे?" अण्णाप्पांनी घड्याळ आठवून सांगितलं, "पावणेदोनला. आमी सगळी हितंच हुतो. मार्क देत हुतो." डॉक्टरांनी त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

आठ दिवसांनी वर्षाराणीची परीक्षा झाली. परीक्षक बाई त्याच होत्या. त्यांनी तोच प्रश्न विचारला. वर्षाराणीनं उत्तर दिलंच, वर पडलेला हात कसा पडतो, बाहुली कशी दिसते, चहा कुठल्या कोपऱ्यातून सांडतो, हेही सांगितलं. "पुस्तकाबाहेरचं निरीक्षण आहे," बाई म्हणाल्या आणि तिला बॅचमध्ये सर्वांत जास्त मार्क दिले.

यथावकाश नोंदणीचा दाखला आला. पाठोपाठ नेमणुकीचा कागद आला. उपकेंद्र गगनबावड्याच्या पलीकडं, क्वार्टरसह. अण्णाप्पांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घातली आणि कॅलेंडरच्या मागं खोचला.

"घरात शिकलेली नर्स असताना बाहेरची बाई ठेवली तर जग काय म्हणंल?" ते म्हणाले.

वर्षाराणीनं नवऱ्याकडं पाहिलं. शशिधर भाकरी मोडत होता. "आप्पा म्हणत्यात ते बराबर हाय," तो म्हणाला. "दुकान काय, फुडं बी काढता येतंय."

दाखला फ्रेम करून पलंगासमोर लावला.

गौराबाईंना जे हवं होतं ते सगळं मिळालं. सून घरात राहिली, मुलगा घरात राहिला, बावीस भाकऱ्या चालू राहिल्या. त्यांना आता एकच शब्द यायचा, तो म्हणजे 'व्हय'. अण्णाप्पांना तो फार आवडला. "अडतीस वर्षांत पैल्यांदा व्हय म्हणतीया," ते गिऱ्हाइकांना सांगायचे. समाचाराला आलेली तानाबाई मोठ्यानं विचारायची, "सून नीट बघतीया न्हवं?"

"व्हय," गौराबाई म्हणायच्या. बिन-लुळा हात जोरजोरानं 'नाही' म्हणून हलवायच्या. तानाबाईला वाटायचं, माशा हाकतायत.

आणि वर्षाराणी नीटच बघायची. दर दोन तासांनी कूस, पाठीला पावडर, नाडीची नोंद. पुस्तकाच्या हिशेबानं बोट ठेवायला जागा नव्हती. दुपारी दीडला दुकान बंद झालं, सगळे आडवे झाले की ती पलंगाशी स्टूल घेऊन बसायची आणि पुस्तक उघडायची. सराव सुटू नये म्हणून.

"अव्वा, मला नापास करायला मुद्दाम खोटं दाखवत हुता न्हवं?"

"व्हय."

"आणि त्या दिवशी मला कळलं हुतं, हे तुमाला कळलं हुतं."

गौराबाईंनी ओठ मिटायचा प्रयत्न केला. तो एकाच बाजूनं मिटला. दुसऱ्या बाजूनं शब्द निसटला.

"व्हय."

"दहापैकी दहा," वर्षाराणी म्हणाली. समोरच्या घड्याळात बघितलं, सासूला भिंतीकडं वळवलं आणि पान उलटलं.