चौथं रीडिंग

आमच्या ऑफिसात माणसं नंबरात बोलतात. कंपनी रोजच्या आरोग्याच्या आणि सुरक्षेच्या वस्तू विकते. थर्मामीटर, बीपीचं मशीन, धुराचा अलार्म, न्हाणीघरात टाकायची न घसरणारी मॅट, प्रथमोपचाराची पेटी, असलं सगळं. लोक वेबसाइटवर प्रश्न विचारतात आणि आम्ही अकरा जण एका लांबट खोलीत बसून उत्तरं देतो. उत्तरं आधीच लिहून ठेवलेली आहेत, एकूण चौसष्ट. अलार्म मधूनच टिकटिक करतो, तर सात नंबर. मॅट फरशीला चिकटत नाही, तर एकवीस. प्रश्न वाचायचा, नंबर दाबायचा, पुढचा प्रश्न.

बीपीचं मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं, याला अकरा नंबर. तो मला तोंडपाठ आहे. पाच मिनिटं शांत बसा, बोलू नका. पाय जमिनीला टेकवा. पट्टा कोपराच्या दोन बोटं वर बांधा, सैल नको, फार घट्टही नको. पुन्हा मोजा. तरी शंका वाटली तर दुसऱ्या निरोगी माणसाच्या दंडाला लावून पाहा. नऊ वर्षांत हे उत्तर मी किती जणांना पाठवलं असेल याचा हिशोब नाही.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर शेजारच्या टेबलावरच्या बॅटरीने खुर्ची माझ्याकडे वळवली. कुठल्याही प्रश्नाला तो आधी बॅटरी तपासायला सांगतो, म्हणून त्याचं नाव बॅटरी. एकदा त्याने मॅटवाल्यालाही बॅटरी तपासायला सांगितली होती.

"तात्या, हे बघा काय आलंय. मशीनने बाई मारली म्हणतायत."

मी त्याच्या पडद्यावर वाचलं. नाव लिहिलेलं नव्हतं.

"तुमच्या मशीनने वीस मिनिटांत एकाच बाईचे हे आकडे दाखवले. १९४/११०, १९०/१०८, १९६/११२ आणि शेवटी १२६/८०. शेवटचा आकडा बघून घरच्यांना वाटलं सगळं ठीक आहे. दीड तासाने ती बाई बेशुद्ध सापडली ती उठलीच नाही. असलं मशीन तुम्ही विकता कसं? माझ्याकडेही हेच मशीन आहे. मला सातवा महिना आहे आणि डॉक्टरांनी दिवसातून दोनदा मोजायला सांगितलंय. सांगून पंधरा दिवस झाले, मी ते हातात धरलेलं नाही. वापरू की फेकून देऊ?"

"अकरा जाणार नाही याला," बॅटरी म्हणाला. "माणूस गेलंय. वर पाठवायला लागेल. वरून चौसष्ट जाईल, आपला प्रश्न संबंधित विभागाकडे दिला आहे. बस म्हणावं तीन आठवडे वाट बघत."

"तीन आठवडे ती मोजायची नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला काय माहीत?"

"माझी मुलगी आहे ती."

बॅटरीने माउसवरचा हात काढला. माझ्या बायकोला तो ओळखत होता. त्याच्या गणवेशाची पँट तिनेच दोनदा सैल करून दिली होती, आणि दुसऱ्या वेळी म्हणाली होती, आता कापड संपलं, यापुढे पोट कमी करा.

"म्हणजे वहिनींचंच हे," तो हळूच म्हणाला. "मग मशीन खरंच बिघडलं होतं?"

"नाही. चौथं रीडिंग माझं आहे."

त्याला कळलं नाही. मी शर्टाची बाही वर केली आणि दंड दाखवला. मग त्याला सांगितलं. तोपर्यंत मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. मी कामावरून आलो तेव्हा ती शिलाई मशिनवर कुणाचा तरी झगा शिवत बसली होती. डोकं जड झालंय म्हणाली. बीपीचं मशीन मीच ऑफिसातून आणलेलं. तिने मोजलं आणि मला हाक मारली, "अहो, तुमचं मशीन बघा काय दाखवतंय." मी बघितलं. एवढा आकडा तिचा कधी आला नव्हता. मला काय वाटायला हवं होतं? मला वाटलं, पट्टा चुकीचा बांधलाय. नऊ वर्षं मी रोज हाच प्रश्न वाचतो, आणि रोज चूक पट्ट्याचीच असते. मी तिला खुर्चीत ताठ बसवलं, पाय टेकायला सांगितले, बोलू नकोस म्हटलं. पुन्हा मोजलं. तसाच आकडा. तिसऱ्यांदा आणखी वर गेला. ती म्हणाली, "हाताला मुंग्या आल्यात." मी म्हणालो, "पट्टा घट्ट झालाय," आणि दोन बोटं घालून सैल केला.

मग मी तो पट्टा माझ्या दंडाला बांधला. १२६/८०. मशीन चांगलं आहे की नाही हे बघायची हीच रीत, अकरा नंबरच्या शेवटच्या ओळीत लिहिलेली. मशीन चांगलं होतं. म्हणजे तिचे तीनही आकडे खरे होते. एवढं सरळ गणित. पण मी मशीन तपासत होतो, तिला नाही. मशीन ठीक निघालं आणि माझ्या डोक्यात प्रश्न मिटला. मी म्हणालो, "काही नाही, मशीन ठीक आहे. तू जरा पड." ती म्हणाली, "बरं, तुम्ही त्यातले," आणि आत जाऊन पडली. मी बाहेर पेपर वाचत बसलो. दीड तासाने हाक मारली तर उत्तर आलं नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

मुलीने नंतर मशीनमधले साठवलेले आकडे पाहिले. शेवटचा आकडा तिला चांगला दिसला. तेव्हापासून ती म्हणत आली की मशीनने फसवलं, खोटं दाखवलं म्हणून बाबा निर्धास्त राहिले. मी नाही म्हटलं नाही. पहिल्या दिवशी म्हणवलं नाही, दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं, आणि महिन्याभराने सांगायचं तर आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं.

बॅटरीने सगळं ऐकलं. खुर्ची आणखी जवळ ओढून म्हणाला, "तात्या, एक सांगू? कुणाला सांगू नका. बिघडलं होतं तर बिघडलं होतं. मशीनचं काय जातंय? त्याला काय लेकीसुना आहेत?"

"ती मोजत नाहीये ना पण."

"मग दुसऱ्या कंपनीचं घेऊन द्या की. हिरव्या डब्यातलं. प्रश्न मिटला."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, खूप पटलं. तो प्रश्न पडद्यावर तसाच लाल, बिनउत्तराचा ठेवून मी तासभर लवकर निघालो, औषधांच्या दुकानातून हिरव्या डब्यातलं मशीन घेतलं आणि मुलीकडे गेलो. वाटेत ठरवलं, मशीन द्यायचं, पाणी प्यायचं, तब्येतीची चौकशी करायची आणि निघायचं.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर. जावयाने दार उघडलं. मुलगी आरामखुर्चीत होती, पाय स्टुलावर ठेवलेले. पायांना सूज दिसत होती. घोट्याचं हाड दिसत नव्हतं. जावयाच्या मोठ्या सपाता तिच्या खुर्चीखाली पडलेल्या, म्हणजे तिच्या सपाता तिला होत नव्हत्या.

"या बाबा. आज लवकर? कंपनीने हाकललं का?"

"अजून नाही." मी डबा तिच्या मांडीवर ठेवला. "हे तुझ्यासाठी. आमच्या कंपनीचं नाही."

तिने डबा उलटासुलटा करून बघितला आणि परत माझ्याकडे दिला. "घेऊन जा."

"डॉक्टरांनी सांगितलंय ना."

"दवाखान्यात जाते तेव्हा मोजतात ते. घरी मोजून काय करू? आईने मोजलं होतं की चार वेळा. काय झालं?"

"मी रोज सांगतो," जावई म्हणाला, "तर म्हणते तू सासऱ्यांच्या कंपनीचा दलाल आहेस."

"आहेसच. काल काय म्हणालास? पट्टा नीट बांधला नसेल."

"अगं, मी आपलं सुचलं ते बोललो."

"सगळे हेच बोलतात." तिने उशी पाठीमागे सारली. "हे मशीन काय आणि ते काय बाबा, सगळी एकाच माळेची. मला बरं वाटतंय. काही वाटलं तर मला कळेल की."

तिची आईही सकाळपर्यंत ठीकच होती. मी डबा हातात घेऊन उभा होतो. आता पाणी पिऊन निघणं शक्य होतं. जावयाने ग्लास आणूनही ठेवला होता. मी तिच्या पायांकडे बघितलं आणि खाली बसलो.

"तुझा प्रश्न आमच्या खोलीत आला आज."

ती जरा चपापली, मग हसली. "नाव घातलं नव्हतं तरी ओळखलंत? मुद्दामच नाही घातलं, तुम्हाला ताप नको म्हणून. मग, काय उत्तर दिलंत? कितवा नंबर?"

"चौथं रीडिंग आईचं नाही. माझं आहे."

"म्हणजे?"

"मशीन बरोबर आहे का बघायला मी माझ्या दंडाला लावलं. १२६ माझे आहेत. आईचे पहिले तीन. ते खरे होते. मशीनने काही खोटं दाखवलं नाही."

जावई उभा होता तो बसला.

"तीन वेळा एवढं आलं," ती म्हणाली, "आणि तुम्ही मशीन तपासलंत?"

"हो."

"आई काही म्हणाली नाही?"

हे मी गाळू शकलो असतो. ते तिला कळण्याचा काही मार्ग नव्हता.

"हाताला मुंग्या आल्यात म्हणाली."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं पट्टा घट्ट झालाय. सैल केला."

बाहेर जिन्यात कुणीतरी किल्ल्यांचा जुडगा वाजवत वर गेलं, दार उघडून लावलं. ती रडली नाही. तिने रडायला हवं होतं, म्हणजे मला काही करता आलं असतं.

"चार महिने," ती म्हणाली. "चार महिने मी त्या मशीनला शिव्या घालतेय. तुमच्यासमोर बसून. तुम्हीच समजूत घालत होतात माझी. म्हणत होतात, जाऊ दे बाळा, वस्तूच ती."

"हो."

"बाबा, चुकलात ते मी समजून घेतलं असतं. कधी ना कधी घेतलं असतं. पण हे?"

मी म्हणालो, "तुझे पाय सुजलेत."

"माझ्या पायांचं तुम्ही बघू नका."

"मी नाही बघत. डॉक्टरांना दाखव. पण आज मोज. कुठल्याही मशीनवर मोज. आकडा मोठा आला तर कुणाला विचारत बसू नकोस, मला तर मुळीच नको. लगेच जा. पट्टा चुकला असेल, मशीन चुकलं असेल, ते दवाखान्यात गेल्यावर बघतील."

"तुम्ही जा आता."

"जातो."

"आत्ता जा, बाबा. प्लीज."

मी उठलो. हिरवा डबा टेबलावर ठेवला, मग वाटलं तिला तो नको असेल, म्हणून परत उचलला. जावयाने माझ्या हातातून तो घेतला आणि परत टेबलावर ठेवला. दारापर्यंत तो माझ्याबरोबर आला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण तो एवढंच म्हणाला, "सावकाश उतरा, दिवा गेलाय जिन्यातला." मग त्याने दार लावलं.

मी चार पायऱ्या उतरलो आणि कठड्याला धरून थांबलो. आता ती माझ्याशी कधी बोलेल, बाळ झाल्यावर मला बोलावणं येईल की नाही, काहीच कळत नव्हतं. जावयाच्या तोंडावर तरी ते दिसेल म्हणून मी त्याच्याकडे बघितलं होतं, तर त्यालाही माहीत नव्हतं. चार महिने मी ज्याला घाबरत होतो ते होऊन गेलं होतं.

तेवढ्यात वरून आवाज आला. दार पातळ आहे त्यांचं. आधी दोघांचं बोलणं, तिचा आवाज चढलेला, मग कपाटाचं दार. मग थोडा वेळ काही नाही. आणि मग ती घरघर सुरू झाली, पट्ट्यात हवा भरतानाची. आमच्या घरी कितीदा ऐकलेला तोच जाड आवाज, आणि हिरवा डबा तर टेबलावर होता, कपाटात नाही. आमचंच मशीन होतं. मी जिन्यावर हललो नाही. घरघर थांबली, हवा हळूहळू सुटायला लागली, ती सुटतानाही मी ऐकत राहिलो. मग मुलगी जावयाला म्हणाली, "लिही." पुढचा आकडा तिने हळू सांगितला, मला तो ऐकू आला नाही.

मी तिथेच थांबलो. ते दोघं खाली आले असते तर मी बाजूला होऊन वाट दिली असती. कुणी आलं नाही. थोड्या वेळाने आत नळ सुरू झाला, भांडी वाजली, जावई काहीतरी म्हणाला आणि ती त्याच्यावर नेहमीसारखी खेकसली. मी कठडा सोडला आणि उतरायला लागलो.