खाली बसायच्या संडासाची धास्ती

मी या घरातला खाली बसायचा संडास बोलतोय. नाक दाबू नका, सकाळीच घासलंय मला. आणि जरा पटकन ऐका, कारण गवंडी आलाय. त्याची छिन्नी माझ्या उंबऱ्यावर पडली आहे आणि मला दरदरून घाम फुटलाय.

मी दुकानात होतो तेव्हा दुकानदार मला टिचकी मारून गिऱ्हाइकांना सांगायचा, "पन्नास वर्षं बघायला नको." पस्तीसच झाली. इथल्या आजींनी मला बसवून घेतलं आणि आपल्या लेकाला पाय कुठे ठेवायचे ते शिकवलं. तोच लेक आता मला फोडायला निघालाय.

गेल्या वर्षी भिंतीपलीकडे कमोड बसला. मी त्याच्यावर जळत नाही. गुडघे गेलेल्या माणसाला मी म्हणजे शिक्षाच, हे मला कबूल आहे. पण लेक त्याच्यावर मोबाइल घेऊन बसला की अर्धा तास उठत नाही. माझ्याकडे कोणी रेंगाळत नाही, पायाला मुंग्या येतात.

लेकाची बहीण नर्स आहे. तिने माझ्याच दारात उभं राहून सांगितलं होतं, "दादा, उकिडवं बसलं की आतड्याच्या टोकाचा बाक सरळ होतो, फार कुंथावं लागत नाही. कमोडच वापरायचा तर पायाखाली छोटं स्टूल तरी घे."

"आणू की," दादा म्हणाला. ते स्टूल अजून येतंय.

परवा तो बायकोला म्हणाला, "हाही काढून कमोडच बसवू. आईला या वयात उठबस नको."

"आईंना एकदा विचारा तरी."

"तिला काय विचारायचं? ती नकोच म्हणणार."

आजी अजून फरशीवर बसून भाजी निवडतात आणि हात न टेकता उठतात. कमोडवर मात्र त्यांचं पोट साफ होत नाही. "खुर्चीत बसल्यासारखं वाटतं गं, आता कोणी चहा आणून देईल असं," त्या सुनेला म्हणाल्या. सून खूप हसली. मला हसू आलं नाही, कारण पुढचं त्यांनी तिला सांगितलंच नाही.

मी रिकामा नसलो की आजी पलीकडे जातात, कडी लावतात आणि कमोडच्या कडेवर दोन्ही पाय ठेवून उकिडव्या बसतात. आमची भिंत एकच, मला सगळं ऐकू येतं. आधी ओली चप्पल करकरते, मग प्लास्टिकची सीट. एकदा पाय सटकला, नळ धरला म्हणून वाचल्या. बाहेर येऊन कोणाला बोलल्या नाहीत. लाज वाटली असेल.

कमोडची कड अशी वर चढलेल्या माणसाचं वजन पेलायला केलेली नसते. आणि चिनी माती फुटली की तिला सुरीसारखी धार येते. मी त्याच मातीचा आहे, म्हणून मला जास्त भीती वाटते.

आत्ताच आजी दारात आल्या होत्या. "अरे, थांबा जरा, मला जायचंय."

"आई, पलीकडे जा ना. हा बंद झाला आता."

त्या वळल्या आणि पलीकडे गेल्या.

"साहेब, करू सुरुवात?" गवंडी विचारतोय. लेकाने मान हलवली. पलीकडे कडी लागली. एक चप्पल कडेवर चढली. आता दुसरी.

बाबांनो, मला फोडायचं तर फोडा. पण आधी ते पलीकडचं दार ठोठावा!