पिवळ्या कापडावर चाललेली कात्री

मी एक जुनी कात्री आहे, शिंप्याच्या दुकानातली. अंगानं जड, पात्यांनी लांब आणि अंगठ्याच्या कडीशी झिजून गुळगुळीत झालेली. मित्रांनो, ज्या भट्टीत माझं पोलाद तापलं ती मला आता आठवत नाही. पण धार लावणाऱ्याच्या चाकावर माझ्या पहिल्या ठिणग्या उडाल्या, तेव्हा मी मनातून फार सुखावले होते.

शिंपीकाकांच्या वडिलांनी मला आणलं. त्यांच्यानंतर मी काकांच्या हातात आले. शाळेचे गणवेश, लग्नाचे कोट, दवाखान्यातले एप्रन, काय काय कापलं मी! काकू तर मला कागदालाही लावू देत नसत. "धार जाईल तिची," म्हणायच्या. मग कोपऱ्यावर तयार कपड्यांचं मोठं दुकान आलं आणि मी खिळ्याला लटकले. चेन बदलायची, पॅन्ट आखूड करायची, एवढंच काम उरलं. काका दुपारी टेबलावर डोकं ठेवून डुलक्या घेऊ लागले.

अशात फुटबॉलची जागतिक स्पर्धा सुरू झाली आणि आमच्या गल्लीत दोन तट पडले. बेकरीवाला पिवळ्या जर्सीच्या संघाचा, समोरचा सलूनवाला निळ्या जर्सीचा. एरवी रोज एकमेकांच्या दुकानात जाऊन बसणारे हे दोघं आता रस्त्याच्या दोन कडांनी चालत. सलूनवाला पिवळ्यांची दाढी करताना म्हणे, "हलू नकोस, वस्तरा निळा आहे." जर्सी हव्या होत्या, पताका हव्या होत्या, आणि तयार कपड्यांच्या दुकानातला माल दोन दिवसांत संपला. सगळे काकांकडे आले. बेकरीवाल्याच्या जर्सीला बाजूंनी पट्ट्या जोडाव्या लागल्या, तरी त्याचं म्हणणं, "कापडच आटलंय हो!"

काका पुन्हा ताठ बसू लागले. लोक दारातून ओरडत, "काका, तुमच्यामुळे शान आहे गल्लीची!" काका हसत. मीही हवेत होते. खरं सांगायचं तर आम्हा दोघांच्याही डोक्यात हवा गेली होती.

उपांत्य सामन्याच्या दिवशी बेकरीवाल्याला या गच्चीपासून त्या गच्चीपर्यंत जाईल असा झेंडा हवा होता. दुपारपर्यंत निम्मा शिवून झाला आणि पिवळं कापड संपलं. बाजारातही कुठे मिळेना.

"निम्मा झेंडा लावून नाक कापून घेऊ का, काका?" बेकरीवाला रडकुंडीला आला.

काकांनी फळीवर हात घातला. मागे एक गठ्ठा होता. गर्द पिवळं ड्रेसचं कापड, त्यावर तिळाएवढे पांढरे ठिपके. पलीकडच्या दवाखान्यात काम करणाऱ्या सिस्टरनी ते कधीचं आणून ठेवलं होतं. माप नंतर देते, म्हणाल्या होत्या.

"अहो, ते सिस्टरांचं आहे," काकू म्हणाल्या.

"विसरल्या त्या. एवढ्या दिवसांत फिरकल्या का?"

"जाऊन विचारा तरी."

"संध्याकाळी मॅच आहे! विचारत कुठे बसू? वरून कुणाला दिसणार आहेत ते ठिपके?"

त्यांनी मला उचललं. मित्रांनो, माझी पाती त्या कापडावरून सरसर चालली. एकदाही अडखळली नाहीत. आज ते आठवलं की मला खाली बघावंसं वाटतं.

झेंडा लागला, सामना जिंकला, काकांना खांद्यावर घेऊन लोक नाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळी संपवून सिस्टर दुकानात आल्या. डोळे झोपेनं जड झालेले. "काका, माप घ्या. आई जाऊन काल वर्ष झालं. तिनं आणलेलं शेवटचं कापड ते. इतके दिवस हातच लावायला धजत नव्हते."

काकांचा चेहरा उतरला. "हो, हो. गठ्ठ्यात कुठेतरी आहे. शोधून ठेवतो. उद्या या."

"बरं," म्हणून सिस्टर निघाल्या. दुकानाच्या दारावरूनच गेलेला झेंडा रात्रीच्या दवानं जड होऊन पार खाली झुकला होता. पायरी उतरताना त्याची कड त्यांच्या कपाळाला लागली. त्यांनी वर पाहिलं. मग कड हातात धरली, ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि हळूच सोडून दिली. मागे वळून दुकानाकडे मात्र पाहिलं नाही.

"पाहिलं त्यांनी," काकू म्हणाल्या.

काकांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग शिडी घेऊन बाहेर गेले. गल्ली गोळा झाली.

"काका, परवा फायनल आहे! काय करताय हे?"

"माझं नाहीये हे कापड," काका शिडीवरून म्हणाले. "न विचारता कापलं मी. सिस्टरांच्या आईचं होतं."

सलूनवाल्याच्या ओठांवर टोमणा आला होता, तो त्यानं गिळला. बेकरीवाला पुढे झाला आणि त्यानं शिडी धरली.

काकांनी एकेक टाका उसवला. शिवण उसवता आली, पण माझं काम उसवता येत नाही. तुकडे धुऊन, इस्त्री करून ते सिस्टरांच्या घरी गेले. सवयीनं टेप गळ्यात आणि मी पिशवीत. दारातच त्यांनी तुकडे पुढे धरले.

"खोटं बोललो मी सकाळी."

सिस्टरनी तुकडे उलगडून पाहिले. "ड्रेस नाही होणार ना आता?"

"नाही होणार."

"विचारलं असतंत तर..." एवढंच म्हणून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "उशीचे अभ्रे होतील?"

अंतिम सामन्याच्या संध्याकाळी काका अर्ध्या ओढलेल्या शटरमागे ते अभ्रे शिवत होते. बाहेर एकच जल्लोष उठला. बेकरीवाला वाकून आत ओरडला, "काका, जिंकलो!" काका म्हणाले, "हो का? छान झालं," आणि पुन्हा मान खाली घातली.

सिस्टर अभ्रे घेऊन गेल्या. आजही येता-जाता त्या "बरं आहे ना, काका?" विचारतात. ओरडल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. नवं कापड मात्र त्यांनी पुन्हा आमच्याकडे आणलं नाही.

आता काका कुणाचंही कापड पसरलं की मला त्यावर टेकवतात आणि गिऱ्हाइकाला विचारतात, "कापू ना?" लोक हसतात. "अहो, त्यासाठीच तर आणलंय!"

तुम्ही हसू नका, मित्रांनो. कुणाची वस्तू तुमच्याकडे नुसती पडून दिसली, तर ती नकोशी झाली आहे असं धरून चालू नका. कदाचित तिला हात लावायचं बळ कुणीतरी अजून गोळा करत असेल.