अंदाज बदलायचा नाही

हैदराबादला समुद्र नाही, म्हणून इथल्या माणसाला वादळाचं वेड लागू नये असं कुठं लिहिलंय? चिक्कडपल्लीत मुकुंदरावांच्या गच्चीवर दर रविवारी पाच-सहा मराठी माणसं जमायची आणि बंगालच्या उपसागरावरून अशी भांडायची, की ऐकणाऱ्याला वाटावं तो यांच्याच वाटणीला आलाय. व्हॉट्सअॅपवर त्यांचा 'ढगवाले' नावाचा ग्रुप होता. प्रत्येकाच्या घरी पाऊस मोजायचं नळकांडं, फोनमध्ये उपग्रहाची चित्रं, आणि वेधशाळेला दिसत नाही ते आपल्याला दिसतं ही पक्की खात्री.

त्यात दीपमाला जरा जास्तच. ती तारनाक्याला राहायची, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची, आणि वादात हरायची तिला सवय नव्हती. मुकुंदराव ग्रुपमधले सगळ्यात जुने. त्यांचं ताडपत्रीचं दुकान होतं, त्यामुळे त्यांनी वादळाचं नाव काढलं की कुसुमताई लगेच विचारायच्या, "किती गठ्ठे पडून आहेत, मुकुंदराव?" आणि सगळे खो खो हसायचे. मुकुंदरावही हसायचे बिचारे, दुसरं काय करणार?

त्या रविवारी उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं होतं, आणि मुकुंदरावांना जागेवर बसवत नव्हतं.

"आपला नंबर लागलाय, मी सांगतो. वीस सालच्या ऑक्टोबरात अर्धं शहर पाण्यात गेलं होतं, आठवतंय ना? त्यानंतर तसं एकही आपल्या डोक्यावरून गेलं नाही. किती वर्षं चुकवणार?"

"वादळ म्हणजे काय सिटी बस आहे का?" दीपमालानं बशीत बिस्किट ठेवलं. "उशीर झाला म्हणून आता येईलच असं म्हणायला? नाण्यावर पाचदा छापा पडला, तर सहाव्या वेळी त्याला मागचं आठवतं का? मुकुंदराव, हवेला कॅलेंडर नसतं."

"मॅडम, तुमचं गणित बरोबर असेल. पण मला भीती वाटतेय."

"भीतीचा आलेख काढता येत नाही."

काय हशा पिकला! आणि इथपर्यंत बाई शंभर टक्के बरोबर होती, हे मी आजही म्हणेन. वादळाचा नंबर वगैरे काही लागत नसतो. पण टाळ्या ऐकल्या की माणूस एक पाऊल पुढं टाकतो, तसं तिनं टाकलं. नंबर लागला नाही एवढंच सिद्ध झालं होतं. ती म्हणाली, "हे वळणार ओडिशाकडे. आपल्याकडे भुरभुर."

ढगवाल्यांची एक रीत होती. वादळ किनाऱ्याला लागण्याआधी प्रत्येकानं आपला अंदाज ग्रुपवर टाकायचा, आणि मग वादळ विरेपर्यंत तो बदलायचा नाही. हर्षद नावाच्या पोरानं एकदा तीन वेळा अंदाज फिरवून शेवटी "मी म्हणालोच होतो" म्हणून जिंकणाऱ्याला मिळायची ती मिरची भजी उकळली होती, तेव्हापासूनचा हा नियम. जो बदलेल तो ग्रुपमधून बाहेर. दीपमालानं सगळ्यांदेखत टाकलं: 'हैदराबाद. धोका नाही.' खाली चौघांचे अंगठे पडले. मुकुंदरावांनी एकट्यानं उलटं लिहिलं.

सोमवारी दीपमालाला भावाचा फोन आला. रवी रेल्वेत गार्ड होता, सिकंदराबादहून गाडी घेऊन निघायच्या घाईत होता. त्याची बायको बाळंतपणाला नांदेडला गेलेली, आणि घरी आई, विमलाबाई, एकटी. विमलाबाईंचं घर तलावाखालच्या सखल वस्तीत होतं, बैठं, तळमजल्याचं. आणि त्यांच्या एका गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं.

"ताई, फोनवर सारखे अलर्ट येऊ लागलेत. आईला तुझ्याकडं आणून सोडू का दोन दिवस?"

"अलर्ट रोजच येतात रे. तिला तीन जिने कशाला चढवतोस? काही होणार नाही."

"नक्की?"

"अरे, मी सांगतेय ना!"

संध्याकाळी तिनं आईला फोन केला, तर विमलाबाई खुशीत. "दीपे, गल्लीतल्या समद्या बाया इचारायला आल्त्या. कोण म्हणे सामान माळ्यावर टाका, कोण म्हणे पाहुण्यांकडं जा. मी म्हणलं, कशाला परेशान होता? माझी लेक कॉलेजात हेच शिकवती. ती म्हणली कायी येत नाही. मग गेल्या सगळ्या आपापल्या घरी."

आता बघा, इथं दीपमालानं एक वाक्य बोलायला हवं होतं. आई, हा आमचा ग्रुपमधला खेळ आहे, यावर विसंबून लोकांना घरी बसवू नको. एवढंच. पण तिला बरं वाटलं होतं. गल्लीभर आपलं नाव निघतंय, आई मिरवतेय, ते तिला फार गोड लागलं. ती म्हणाली, "बरं सांगितलंस."

मंगळवारी सकाळी चहा हातात घेऊन तिनं फोन उघडला, आणि चहा तसाच राहिला. वादळ ओडिशाकडे वळलं नव्हतं. आंध्रच्या किनाऱ्याला लागून, जोर जरा कमी करून, ते सरळ पश्चिमेला आत सरकत होतं, तेलंगणाच्या अंगावर. तिनं दुसरं चित्र पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळी एकच गोष्ट सांगत होती. तिला कळलं. उगाच कशाला झाकायचं, तिला तेव्हाच, त्याच क्षणी कळलं होतं.

ग्रुपवर मुकुंदरावांनी फक्त एक चित्र टाकलं होतं, खाली शब्द नाही. हर्षदनं लिहिलं, "मॅडम, kya bolte?" कुसुमताई हसतील, मुकुंदराव हसणार नाहीत आणि ते जास्त लागेल, असलं काहीबाही तिच्या डोक्यात. तिनं लिहिलं, "अजून वळू शकतं." आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. कॉलेजला सुट्टी दिली होती. बाहेर खरंच नुसती भुरभुर होती, आणि त्या भुरभुरीचा तिनं आधार धरला. अजून तासभर बघू. मग आणखी तासभर.

मग आकाश फाटलं. समोरची इमारत दिसेना. खालच्या रस्त्यावर स्कूटर आडव्या होऊन वाहायला लागल्या तेव्हा तिनं आईला फोन लावला.

"गल्लीत पाणी आलंय," विमलाबाई म्हणाल्या. "घोट्याएवढं. उतरंल की."

"आई, उतरणार नाही. वरचा तलाव आधीच भरलेला आहे. तू आत्ताच्या आत्ता निघ. शेजारच्यांना सांग, तुला धरून मोठ्या रस्त्यावर नेतील."

"कामून? तू तर म्हणलीस कायी येत नाही."

"ते... थोडं बदललंय."

"मी गल्लीला सांगून बसले, दीपे. माझ्या सांगण्यावरनं ती थांबली. आता मीच पहिल्यांदा पळू? मेले तरी जायाची नाही." आणि फोन कट.

दीपमालानं रवीला लावला. त्याची गाडी काझीपेठला अडकून पडली होती. रिक्षावाले फोन उचलेनात. मग तिनं तो नंबर लावला, जो तिला जगात सगळ्यात शेवटी लावायचा होता.

"मुकुंदराव, तुमचा टेम्पो पाहिजे. माझी आई तलावाखाली आहे. तिच्याबरोबर अख्खी गल्ली आहे."

मुकुंदराव म्हणाले, "अंदाज बदलला का तुम्ही?"

"हो."

"मग आधी ग्रुपवर टाका." आणि लगेच स्वतःवरच चिडल्यासारखे, "नाही, राहू द्या, काय बोलतोय मी! निघतो मी. तुम्ही तारनाक्याच्या पुलाखाली या."

ताडपत्र्यांचे गठ्ठे दुकानात फेकून, एकच खांद्यावर टाकून तो माणूस रिकामा टेम्पो घेऊन आला. काच पुसायचा दांडा थकून गेला होता. वस्तीच्या तोंडाशी टेम्पो थांबवावाच लागला. पुढं गल्लीत मांडीएवढं मातकट पाणी होतं, आणि त्याला ओढ होती.

विमलाबाई शेजाऱ्यांकडून पलंगावर पलंग चढवून घेऊन वर बसल्या होत्या. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो काढून मांडीत घेतला होता. लेकीला दारात बघून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच घट्ट झाला.

"कामून आलीस एवढ्या पाण्यातून?"

"ऊठ. टेम्पो आणलाय."

"बाकीचे?"

"आई, आधी तू!"

"दारोदार जाऊन सांग, की तू चुकलीस. समद्यांना गाडीत बसव. मग मी येते."

"तलाव फुटला तर दारोदार जायला वेळ मिळेल का? कळतंय का तुला?"

"मला कळतंय. तू जा."

दीपमालाला रडू कोसळलं, रागाचं आणि भीतीचं. पण आईला खांद्यावर टाकून नेण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती, आणि आईला ते माहीत होतं. ती गेली. भिंत धरून, पाय चाचपत, पहिल्या दारावर थाप मारली.

"मी विमलाबाईंची मुलगी. मी चुकले. पाणी वाढणार आहे, निघा, बाहेर गाडी उभी आहे."

पहिल्या घरातली ओली बाळंतीण पोर छातीशी धरून तिच्याकडे नुसती बघत राहिली. मागोमाग आलेले मुकुंदराव पुढं झाले, बाळाला ताडपत्रीत गुंडाळून त्यांनी त्या पोरीला धरून नेलं. दुसऱ्या घरातून शिवी आली. ती तिनं ऐकून घेतली. "मी चुकले, निघा." तिसऱ्या दारात उंबऱ्यावर खुर्ची टाकून यादगिरी बसला होता, गल्लीतला सगळ्यात म्हातारा माणूस, लुंगी गुडघ्याच्या वर खोचलेली. त्याच्या मागं त्याचे दोन मुलगे, सुना, नातवंडं, आणि आजूबाजूच्या खिडक्यांतून सगळी गल्ली त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"मॅडम, कल तुम्हारी अम्मा बोले, कुछ नक्को डरो. आज तुम बोल रै भागो. कौनसी बात सच्ची?"

"आजची."

"कल भी तुमीच बोले थे ना?"

"हो, मीच," ती म्हणाली.

"अम्मा निकले तो हम निकलते," यादगिरी म्हणाला. "अम्मा बैठे तो हम बैठते. बस."

ती परत मागं. पाणी आता कमरेला लागत होतं, आणि वरच्या बाजूनं घरघर ऐकू यायला लागली होती. दारातूनच ती ओरडली, "आई, ते माझं ऐकत नाहीत! तू निघालीस तर ते निघणार. माझ्यावर कुणाचा विश्वास नाही, तो कालही नव्हता. तुझ्यावर होता ग!"

विमलाबाईंनी फोटो लेकीच्या हातात दिला, भिंतीला धरून पलंगावरून पाय खाली सोडला आणि कण्हत पाण्यात उतरल्या. दीपमाला धरायला गेली, तर त्यांनी फक्त तिचा दंड पकडला, असा की बोटं रुतली. आणि ती बाई, ऑपरेशनचा गुडघा घेऊन, कमरेएवढ्या पाण्यातून गल्लीच्या मधोमध चालायला लागली, कडेकडेनं नाही, सगळ्यांना दिसेल अशी.

"यादगिरी, चलो!" त्या ओरडल्या. "मेरी गलती हुई. उठो, पोट्ट्यांना घेव!"

म्हातारा खुर्चीवरून उठला. मग दारं उघडली, एकामागून एक. पोरं खांद्यावर, गठुडी डोक्यावर, कुणाच्या हातात गॅसची शेगडी, अख्खी गल्ली विमलाबाईंच्या मागं निघाली. मुकुंदराव टेम्पोच्या फाळक्याशी उभे राहून एकेकाला वर ओढत होते आणि मोठमोठ्यानं ओरडत होते, "सरका, आत सरका!" शेवटचा यादगिरी चढला, आणि मुकुंदरावांनी गाडी चढावर घातली. चढाच्या माथ्याशी पोचतात तोच मागं मोठा आवाज झाला, तलावाचा बांध फुटला होता. कुणी वळून पाहिलं, कुणी नाही. गल्लीच्या जागी नुसतं पाणी होतं, आणि त्यात छपरांचे कोपरे.

टेम्पोत माणसं मात्र सगळी होती. दीपमालानं फोटो पदराखाली धरला होता. विमलाबाई तिला टेकून बसल्या होत्या. दंड अजून त्यांच्याच हातात होता.

"दीपे."

"हां, आई."

"तुला हे कधी कळलं?"

दीपमालानं पदरानं फोटोची काच पुसली.

"सकाळीच कळलं असंल," विमलाबाई हळूच म्हणाल्या. "तू उठल्या उठल्या ते बघतीस. मला माहीत आहे."

"हो," दीपमाला म्हणाली. "सकाळीच."

विमलाबाईंनी तिचा दंड सोडला. मग त्या वाकल्या आणि समोरच्या बाळंतिणीच्या पोराच्या अंगावरून घसरलेली ताडपत्री नीट करत राहिल्या.