घड्याळाखालचा कोपरा

माळ्याने यंत्र थांबवलं, गुडघे टेकून खाली बसला आणि पात्याची उंची वाढवली. चोवीस मिलिमीटरवरून तीस. मग त्याने घड्याळाच्या खांबाखालचा डावा कोपरा त्या उंचीवर कापला, म्हणजे खरं तर कापल्यासारखं केलं. बाकीचं मैदान सकाळीच नेहमीसारखं कापून झालं होतं. पुन्हा उभं राहताना त्याला यंत्राचा दांडा धरावा लागला.

कप्तान कठड्याशी उभा राहून हे सगळं बघत होता. कप्तान म्हणजे माळ्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. वय पस्तीस, फुटबॉल संघात डाव्या बाजूचा बचावपटू, आणि या क्लबातलं हे त्याचं सोळावं वर्ष.

"लांबून दिसतंय का हो?" त्याने विचारलं.

"तुला दिसतंय, कारण तुला माहीत आहे. वरच्या खुर्चीत बसलेल्याला काय कळणार?"

"पण मोजायला येतात ना?"

"मधल्या वर्तुळात आणि दोन्ही गोलांसमोर पट्टी लावतात. कोपऱ्यात कोणी वाकत नाही. आणि तीसपर्यंत नियमात बसतं."

नियमात बसतं, हे माळ्याने जरा जोरातच सांगितलं. हे मैदान एकसारखं राखण्यापायी त्याने आजवर कावळ्यांशी, बुरशीशी आणि सहा कोचांशी उभा दावा मांडला होता. पाहुण्यांचा दम काढायला सगळंच गवत वाढव, असं एका कोचने सांगितलं तेव्हा हा त्याच्याशी आठ दिवस बोलला नव्हता. आता मेहुण्याच्या एका शब्दावर तेच काम त्याने निमूटपणे केलं होतं आणि त्याला स्वतःचाच राग येत होता.

पण प्रसंगच तसा होता. शनिवारचा सामना मोसमातला शेवटचा. हरले तर संघ वरच्या लीगमधून खाली जाणार होता. बरोबरी झाली तरी निभावणार होतं. गेल्या महिन्यात या संघावर तीन गोल झाले, तिन्ही शेवटच्या वीस मिनिटांत आणि तिन्ही कप्तानाच्या बाजूने. डोकं अजून सगळ्यांच्या आधी धावायचं, पाय मात्र पाऊण सामन्यानंतर नांगी टाकायचे. कोचने त्याला खोलीत बोलावून, शनिवारी खेळ, मग बघू, एवढंच सांगितलं. या धंद्यात 'बघू' म्हणजे काय, ते सोळा वर्षं काढलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

त्यात पाहुण्यांचा उजवा आघाडीवीर एकोणीस वर्षांचा होता आणि त्याला सगळे बाण म्हणायचे. तो नेमका कप्तानाच्या अंगावर येणार होता. यजमान संघाची जुनी सवय अशी, की उत्तरार्धात आपल्या माणसांनी भरलेल्या मोठ्या गॅलरीकडे चढाई करायची. म्हणजे कप्तान दमेल तेव्हा तो समोरच्या टोकाला, घड्याळाखालच्या कोपऱ्यात असणार. तिथे गवत उंच आणि कोरडं असलं की चेंडू अडखळतो, बाणाची एखाद-दोन पावलं वाया जातात. कप्तानाला तेवढीच हवी होती.

माळ्याने घरी ही गोष्ट काढली तेव्हा त्याची बायको पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता ती म्हणाली,

"तुमच्याकडे त्याने आजवर काही मागितलंय?"

"नाही."

"मग?"



शनिवारी दुपारी त्याने सगळ्या मैदानावर फवारे सोडले, फक्त त्या कोपऱ्याची चावी बंद ठेवली. सामन्याच्या वेळी तो नेहमीच्या जागी, खेळाडू बाहेर येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी उभा राहिला. दोन्ही कप्तान आणि पंच मध्यावर जमले. नाणं उडालं, हात मिळवले गेले. आणि मग दोन्ही संघांनी जागा बदलल्या.

 नाणेफेकीचा विचार माळ्याने केलाच नव्हता. पाहुणे कधी बाजू बदलून मागत नसत, म्हणून तो गृहीत धरून चालला होता. आता पूर्वार्धातच कप्तान त्या कोपऱ्यात जाणार होता, पाय ताजे असताना. उत्तरार्धात तो मोठ्या गॅलरीखाली उभा असणार, जिथे गवत चोवीस मिलिमीटर होतं आणि काचेसारखं ओलं. एवढी वर्षं गवत कापून माणसाला एवढीही अक्कल येऊ नये, असं त्याला वाटलं.

पूर्वार्ध मात्र कप्तानाने गाजवला. बाणाने आठ-दहा वेळा चेंडू पुढे टाकला आणि मागून झेपावला. प्रत्येक वेळी चेंडू गवतात जरासा रेंगाळला आणि कप्तान आधी पोहोचला. एकदा तर त्याने चेंडू अडवून, मान वर करून, शांतपणे पन्नास यार्डांवर पास दिला, तेव्हा अख्खी गॅलरी उठून उभी राहिली. एकही गोल न होता पंचाची शिट्टी वाजली.

मध्यंतरात माळी दाताळं घेऊन उखडलेली ढेकळं बसवत फिरत होता. कोपऱ्यात पोहोचला तोच कप्तान चालत आला. जर्सीवर त्याने ट्रॅकसूटचं जाकीट घातलं होतं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली होती.

"भाऊजी, इथे पाणी सोडा."

"इथे?"

"आता आपला उजवा इथून पळणार. कोरडं राहिलं तर त्याचा चेंडू अडकेल."

"ते खरं. पण तुझं काय? तिकडे तर मी पार तासून ठेवलंय. बाण तुला..."

"मी उतरत नाही. कोचला सांगून आलो. माझ्या जागी राखीवातला तो नवा पोरगा उतरतोय."

माळ्याने दाताळं जमिनीत रोवलं. "कोचने काढलं तुला?"

"नाही. तो नकोच म्हणत होता."

माळी खाली बसला, छोटं लोखंडी झाकण उचललं आणि चावी फिरवली. पाणी आधी खोकलं, मग सुरू झालं. दोघं दोन पावलं मागे सरकले.  माळ्याला फार वाईट वाटत होतं, आणि त्यात थोडा सुटल्यासारखाही आनंद होता, त्याचीच लाज वाटत होती.

"चांगला खेळलास," तो म्हणाला. "त्याला एकदाही पुढे जाऊ दिलं नाहीस."

"हो. आज पाय बरे होते."

"चूक माझी आहे. टॉस त्यांच्या बाजूने पडू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पाहुण्यांनी बाजू बदलली नसती तर आता तुला हे गवत मिळालं असतं. पुढचा अर्धा सामनाही काढला असतास."

कप्तान फवाऱ्याकडे बघत होता. पलीकडे बोगद्यातून खेळाडू बाहेर येऊ लागले होते. नवा पोरगा सगळ्यांत पुढे होता, मोठ्या गॅलरीखालच्या डाव्या जागेकडे धावत सुटलेला.

"टॉस मीच जिंकलो होतो, भाऊजी. बाजू मीच मागून घेतली."

माळ्याने त्याच्याकडे पाहिलं. कप्तान वाकला, त्याने स्वतःच चावी बंद केली आणि झाकण नीट बसवलं.

"एवढं पाणी पुरे," तो म्हणाला. "जास्त झालं तर आपलाच घसरेल."