गणंग

राख घालून ठेवलेल्या डब्यात मुंग्या झाल्या म्हणून गोदूनंच बियाण्याचे काळे हरभरे बरणीत भरून स्वयंपाकघरात ठेवले होते. आज सकाळी बरणी रिकामी.

"उमे, यातले हरभरे?"

"उसळीला भिजवले, आई. फर्स्ट शिफ्ट आहे, म्हणून उकळतं पाणीच ओतलं," सून म्हणाली. "बियाण्याचे होते? सांगायचं तरी!"

गोदूनं पातेल्यावरचं झाकण काढलं. शिरगावात बिल्डिंगींच्या मधे उरलेल्या त्यांच्या तुकड्यात भात कापून झालं होतं. मागे राहिलेल्या ओलीवर हा हरभरा पेरायचा. सासूपासून चालत आलेलं वाण, दुसरीकडे कुठे मिळायचं नाही. आणि ओल फार तर चार दिवस.

तिनं पातेल्यात हात घातला. दाणे टम्म फुगलेले, सालं सुटलेली; शिजल्यातच जमा, उगवायचे नाहीत. तळाशी मूठभर खड्यासारखे टणक लागले. "आणि वर हे गणंग!" ती ते फेकायला निघाली.

"गणंग म्हणजे?" नात तेजस्वीनं विचारलं. ती उल्हासनगरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती.

"कितीही भिजवा, भिजत नाहीत ते. तुझ्या बापासारखे."

"थांब आजी, फेकू नको! आम्ही ब्लेडनं सालीचे काप काढून बघितलेत. काबुलीची साल कागदासारखी पातळ. काळ्याची जाड, आणि बाहेरच्या थरात पेशी कुंपणाच्या काठ्यांसारख्या उभ्या, दाटून. यांच्यात पाणी शिरलंच नाही. आतला जीव वाचला असेल."

"असेल की आहे?"

तेजस्वीनं टणक दाणे निवडून मोजायला घेतले.

दाणे एकेचाळीस निघाले. साल थोडी झिजवली की पाणी आत जाईल, असं तेजस्वी म्हणाली. गोदूनं सहाण काढली. "दाण्याच्या नाकाकडून घासू नको गं, कोंब तिथूनच येतो," तिनं नातीला बजावलं. दोघी एकेक दाणा हळूच घासू लागल्या. जास्त घासलं तर डाळच दिसायची.

ओल्या फडक्यात बांधलेले दाणे तिनं दोन दिवसांत इतक्यांदा उघडून पाहिले की तेजस्वी ओरडली. उमा कंपनीतून आली की चप्पल काढायच्या आधी विचारायची, "आले?"

तिसऱ्या दिवशी सात दाण्यांना पांढरं टोक दिसलं. सातच.

गोदू तशीच शेतात गेली. बोट खुपसलं. खाली माती अजून गार होती. सात दाणे लावून तिनं वर पाहिलं. समोरच्या गॅलरीच्या कठड्यावर पारवे रांगेनं बसले होते.

ती बांधावर बसून राहिली. हाताशी चार ढेकळं घेऊन.