होजरचा लाल

"डोळे त्या ताश्कंदच्या व्यापाऱ्याचे फुटलेत, माझे नाहीत," होजर म्हणाली. "म्हणे लाल बिघडला! आकडेच फेकू त्याच्या तोंडावर. लाव गं ते यंत्र, चारोस."

उझबेकिस्तानातल्या मर्गिलानच्या त्या अंगणात होजर चाळीस वर्षं मंजिष्ठेच्या लाल कढईत रेशीम रंगवत होती. व्यापाऱ्याने या खेपेचं कापड परत पाठवलं होतं. पुढचंही असंच निघालं तर काम दुसऱ्या घरी जाणार होतं. होजरला लिहिता येत नव्हतं, पण प्रत्येक खेपेची वाळलेली नखाएवढी चिंधी ती वहीत शिवून ठेवी आणि वसंतात नवरोजचं नवं वर्ष आलं की पान उलटी.

कॉलेजात शिकणाऱ्या नातीने, चारोसने, एकेक पान शेजारी पांढरा कागद ठेवून स्कॅनरच्या काचेवर पालथं घातलं. मग फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चिंधीवर चौकोन आखला. धागे एकजीव होऊन एकच रंग उरला आणि त्याखाली तीन आकडे आले: लाल, हिरवा, निळा.

"निळा एक्केचाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस."

"ऐकलंस? आता बोल म्हणावं त्या बोकडाला."

पुढच्या पानावर चारोस अडखळली. "चार वर्षांपूर्वी त्रेपन्न. मग एकोणसाठ. जांभळट होत गेलाय, आजी."

"पुढे वाच."

"परत एक्केचाळीस. थेट या वसंतापर्यंत. आता त्रेसष्ट."

"वसंतात काय असं..." होजर मध्येच थांबली. वसंतात सून वारली होती. नसीबा. अठरा वर्षं होजर तिला येताजाता रंगांधळी म्हणत आली होती, कढईला हात लावू दिला नव्हता.

"आई तुझ्याआधी उठायची," चारोस खाली बघत म्हणाली. "तू रंगवलेलं कापड डाळिंबाच्या सालीच्या पिवळ्या पाण्यातून काढून परत वाळत टाकायची. म्हणायची, आजीला मोतीबिंदू झालाय, जांभळट झाक दिसत नाही, पण कुणी बोलायचं नाही. लागेल तिला."

"आणि सकाळी मी तिला काय म्हणायचे?"

चारोस वहीचं पान सरळ करत राहिली.

"सांग की!"

"म्हणायचीस, ऊन डोक्यावर आलं तरी महाराणींच्या जांभया संपत नाहीत."

दुसऱ्या दिवशी कढई चढली. होजर ढवळायची काठी चारोसच्या हातात देऊन खाली चुलीच्या तोंडाशी जाऊन बसली, जिथे इतकी वर्षं नसीबा बसायची. धुराने डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने ते पुसलं नाही.

"लाल झाला का गं?" तिने विचारलं.

"अजून नाही, आजी."

होजर उठून बघायला गेली नाही. तिने तुतीचं आणखी एक लाकूड आत सरकवलं.